सहापैकी पाच

क्लायपेदा बंदरात, दोरखंडाच्या दुकानावर,
जहाजांना कांदे, कोबी, बल्ब, हातमोजे पुरवणारं
सात माणसांचं ऑफिस.
सर्व्हर कॉफीच्या यंत्राखाली,
बुटाच्या खोक्याएवढा, एकच निळा डोळा,
वर कुणीतरी विसरलेली साखरेची पुडी.
मी दर गुरुवारी येतो.
पुडी उचलतो, काम करतो, पुन्हा तिथंच ठेवतो.

आज झ्विर्ब्लिससाहेबांनी दार लोटून घेतलं.
"फोल्डरला कुलूप आहे," म्हणाले, "पण ते दिसतं."
कुलूप दिसण्यासाठीच असतं,
हे मी म्हणालो नाही.
तासावर पैसे घेणाऱ्यानं म्हणू नये.
"ज्याला उघडता येत नाही, त्याला दिसूही नये. होतं असं?"
होतं. एका चौकोनात एक खूण करायची,
एवढंच.
नाहीतर नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह लावायचं,
पण ती नुसती झाकली मूठ.
ज्याला नाव ठाऊक आहे, तो पत्ता टाइप करतो
आणि हक्क काढलेला नसेल तर थेट आत.
लपवणं वेगळं, हक्क काढून घेणं वेगळं,
मी समजावत राहिलो
आणि ते खिडकीतून क्रेनकडे बघत राहिले.

माझ्या खात्याला सगळं दिसतं.
करार. पगार.
साहेबांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो, दोनदा चढवलेले.
आणि ते सहावं:
'स्किरमान्ते, ३१ मार्च'.
मी उघडलं नाही.
जे काय होतं ते नावातच होतं.
तीन आठवडे ते यादीत उभं,
सगळ्यांच्या पडद्यावर,
तिच्याही.

खूण केली. जतन केलं.
आता तपासायचं, तर तिच्याच टेबलावरून.
पासवर्ड टाकताना मी मान वळवतो, सवय आहे.
भिंतीवर जहाजांचं वेळापत्रक होतं, ते वाचत बसलो.
लांबलचक पासवर्ड,
पण बोटं कुठं अडखळली नाहीत.
एकोणीस वर्षं कानाला कळतात.

यादी आली.
तिनं काचेवर बोट ठेवून मोजलं,
राईच्या पावाचे काप मोजावेत तसं.
"काल सहा होते."
"जरा साफसफाई केली," मी म्हणालो.
"हं." मग थांबून,
"बाहेर उभं राहायला निदान दार तरी होतं."

पलीकडे फॅक्स घरघरला.
इथं अजून फॅक्स येतात, ग्दान्स्कहून, कोबीसाठी.

तिनं खुर्ची माझ्याकडे सरकवली.
"व्हितेनिस, माझं एक खासगी आहे बघ,
मला एकटीलाच दिसतं. ते सगळ्यांना दाखव."
उघडलं, तर आत आचारी.
एकोणीस वर्षांतले जहाजांवरचे आचारी, नावानिशी:
कुणाला शेपूची भाजी चालत नाही,
कोण बटाटे सडके म्हणून उगाच ओरडतो,
आणि तेव्हा त्याला काय हवं असतं;
लिएपायाचा म्हातारा इमान्त्स,
'बिलाआधी बायकोची चौकशी करावी',
त्याखाली, दुसऱ्या तारखेला, 'करू नये'.

मी गट निवडला: सगळे. वाचन: हो.
"आणि लिहायचा हक्क?"
"नको. वाचू दे नुसतं.
लिहायला मी आहे अजून,
मंगळवारपर्यंत."

साहेबांच्या बिलात दोन्ही कामं एकाच ओळीत गेली.
सर्व्हरला दोन्ही सारखीच:
एक खूण काढली, एक केली.

रात्री घरून बॅकअप तपासला.
चार चाळीसला त्या फोल्डरात एक नवी फाइल,
नाव माझं.
आचारी नसलेला मी पहिलाच.
सात माणसांना दिसेल अशी, उघडी:
'कॉफी बिनसाखरेची.
पुडी उचलतो, पुन्हा तिथंच ठेवतो.
खोटं बोलताना कीबोर्डकडे बघतो.
पाव विचारून देऊ नये, समोर ठेवावा.'